बोटांना पाठ

काही कचेऱ्यांत खुर्चीवरून भांडणं होतात, काहींत पंख्याच्या वेगावरून. या कचेरीत अकरा वर्षं एकच भांडण टिकून होतं, आणि ते एडिटरवरून. एडिटर म्हणजे वर्तमानपत्र चालवणारा गृहस्थ नव्हे. प्रोग्राम लिहिणारे लोक कॉम्प्युटरवर ज्या वहीत प्रोग्राम लिहितात, ती वही म्हणजे एडिटर. वही ती वही, तिच्यावरून कसलं आलंय भांडण, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण दिवसाचे आठ तास ज्या वहीत डोकं खुपसून बसायचं तिच्याबद्दल माणूस हळवा होतो. पोटच्या पोराला कुणी नावं ठेवली तर ऐकून घेतील, पण एडिटरला ठेवलेली खपवून घेणार नाहीत, अशी ही जमात.

भांडणाच्या एका बाजूला होत्या ताई. वय एकोणपन्नास, बोलणं फटकळ. सगळी कचेरी त्यांना ताईच म्हणायची, साहेबसुद्धा. ताईंचा एडिटर जुना आणि काळाकुट्ट. त्यात मेनू नाही, चित्रं नाहीत, माउसचं तर नावच नको. त्याची रीतही उफराटी. एखादं अक्षर दाबलं तर ते पडद्यावर उमटत नाही, तो हुकूम ठरतो. एका अक्षराने पुढची जागा सापडते, दुसऱ्याने ओळ खोडली जाते, नुसत्या ठिपक्याने मघाचंच काम पुन्हा होतं. काही लिहायचंच असेल तर आधी तसा हुकूम द्यायचा, मग लिहायचं, आणि लिहून झालं की कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबून पुन्हा हुकुमांवर यायचं. नवख्या माणसाला यात पाच मिनिटं काढणं जड जातं. ताईंनी पंचवीस वर्षं काढली होती.

दुसऱ्या बाजूला होता उंदीरमामा. हे नाव ताईंनीच ठेवलेलं, कारण माउस हातात नसला की या गृहस्थाचं पान हलत नसे. वय बेचाळीस, अंगाने भरलेला, बोलायला गोड. त्याचा एडिटर रंगीबेरंगी. डावीकडे फायलींची यादी, उजवीकडे अख्ख्या फायलीचं चिमुकलं चित्र, चूक झाली की खाली लाल नागमोडी रेघ.

“ताई, ती काळी पाटी घरी न्या आणि भिंतीवर टांगा,” तो म्हणायचा.

“आधी तुझं खेळण्यांचं दुकान आवर,” ताई मागे वळूनही न बघता म्हणायच्या. “आणि उंदीर जप. कुणी मांजर आणलं तर उपाशी मरशील.”

हे रोज. चहाच्या वेळेला तर ठरलेलंच. नव्या माणसाला वाटायचं, या दोघांचं हाडवैर आहे. तसं काही नव्हतं. मामाचा प्रोग्राम अडला की तो खुर्ची सरकवत ताईंकडेच यायचा, आणि ताईंना सुट्टीवर जायचं असलं की त्या आपलं काम मामालाच सोपवायच्या. फक्त एक गोष्ट मामाने अकरा वर्षं पाळली. ताईंच्या एडिटरला हात लावायचा नाही. “मेलो तरी नाही,” असं तो चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगायचा.

कचेरीचं काम म्हणाल तर दवाखान्यांतल्या औषधांच्या साठ्याचा प्रोग्राम. कुठलं औषध किती उरलं, कुठलं कधी बाद होणार, कुठलं आधी वापरायचं, हे तो सांगायचा. त्याचा गाभा ताईंनी लिहिलेला. त्यांची काम करायची पद्धत बघण्यासारखी होती. फाइल उघडायची आणि दहा मिनिटं नुसती वाचायची. हात मांडीवर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई बसल्या बसल्या झोपल्या. मग एकदम हात वर यायचे आणि मिनिटभर कीबोर्डवर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा. झालं काम. “आधी वाचायचं, मग ठरवायचं, मग एका दमात,” असं त्या शिकाऊ मुलींना सांगायच्या. त्या मुली कधी विचारायच्या, ताई, आत्ता कुठलं बटण दाबलंत? तेव्हा ताई अडायच्या. “थांब हं, बोटांना विचारते,” म्हणायच्या, आणि टेबलावर बोटं नाचवून बघून मग उत्तर द्यायच्या. हुकूम तोंडाला ठाऊकच नव्हते. ते बोटांना पाठ होते.

आणि एका सकाळी बेसिनपाशी ताईंच्या हातातून ब्रश पडला.

नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक, रोज माणसांचे चेहरे अगदी जवळून बघणारा. बायकोच्या ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलाय हे त्याने एका नजरेत हेरलं. प्रश्न नाही, आरडाओरडा नाही, अर्ध्या तासात तिला दवाखान्यात पोचवलं. म्हणून बचावल्या. मेंदूत रक्ताची एक गाठ अडकली होती, ती औषधाने विरघळली. पाय सुधारला, चेहरा सुधारला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र ढिली राहिली, आणि बोलणं अडलं.

बोलणं गेलं नाही, अडलं. डॉक्टरांनी नवऱ्याला नीट समजावून सांगितलं, “यांना सगळं कळतंय. विचार शाबूत आहे. शब्दापर्यंत जायचा रस्ता तेवढा खराब झालाय. घाई करू नका आणि त्यांच्या तोंडचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.” सांगायला सोपं. समोरचं माणूस ‘पाणी’ म्हणायला अर्धं मिनिट घेतं तेव्हा आपल्याच घशाला कोरड पडते. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, चित्रांचे पत्ते घेऊन. कात्रीचं चित्र दाखवलं की ताईंना दिसायचं, कळायचं, कात्री कुठल्या खणात आहे तेही आठवायचं, आणि तोंडातून यायचं ‘दरवाजा’. मग स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायच्या. जिच्या जिभेला अख्खी कचेरी वचकून असायची ती बाई चित्रांच्या पत्त्यांपुढे रडकुंडीला आलेली बघून सासूबाई उठून आत जायच्या. पुढे पुढे त्या पण पत्ते खेळायला बसू लागल्या आणि मुद्दाम चुकीची नावं सांगू लागल्या. “हा बघ, हत्ती,” किटली दाखवून म्हणायच्या. ताई हसायच्या. हसताना कधी कधी योग्य शब्द निसटून बाहेर यायचा.

इकडे कचेरीत ताई नसताना एक मोठी गोष्ट घडली. सगळ्यांनी एकच एडिटर वापरायचा असं ठरलं. ही मागणी मामाची, पाच वर्षांपासूनची, आणि दर वेळी ताईंनी ती हाणून पाडलेली. या वेळी हाणून पाडायला कुणी नव्हतं. दहा मिनिटांत ठराव मंजूर झाला. माणसाने पेढे वाटावेत असा दिवस, पण मामा आपल्या जागी जाऊन बसला. त्या दिवशी तो चहालाही उठला नाही.

महिन्याभराने तो ताईंच्या घरी आला तो लॅपटॉप घेऊनच. जेवणाच्या टेबलावर मांडला, नवा एडिटर उघडला आणि मान खाली घालून म्हणाला, “ताई, सगळ्यांना हाच घ्यावा लागलाय. रागवू नका.”

ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की शब्दांची गरज पडली नाही.

“पण ऐका तरी. याच्यासाठी एक प्लगइन मिळतं. ते घातलं की हा तुमच्या काळ्या पाटीसारखा वागतो. तेच हुकूम, तेच सगळं. मी घालून दिलंय.”

ताईंनी कीबोर्ड पुढे ओढला. डाव्या हाताला अडचण नव्हती. उजव्याची ढिली बोटं त्यांना बघून बघून उचलावी लागत, म्हणून पडद्याकडे न बघता त्या कीबोर्डकडेच बघत राहिल्या. एक ओळ खोडली, खाली गेल्या, एक शब्द बदलला, ठिपका दाबला. मग मान वर केली. पडद्यावर सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं.

त्या दिवशी नवरा दुकान अर्ध्यावर सोडून जेवायला आला, तेव्हा बायको डोळे पुसत होती आणि मामा खिडकीबाहेर बघत होता. नवरा घाबरला. “काय झालं? काही दुखतंय का?” ताईंनी मान हलवली आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं. चित्राच्या पत्त्यांवर जे सापडत नव्हतं ते इथे जागच्या जागी होतं. कात्रीला दरवाजा म्हणणाऱ्या बाईंची बोटं एकही हुकूम विसरली नव्हती.

मग रोज सकाळी दोन तास सराव. पुढच्या दोन महिन्यांत ताईंनी नव्या एडिटरबद्दल एक गोष्ट मनातल्या मनात कबूलही केली. आजारपणानंतर त्यांच्याकडून शब्दातली अक्षरं पुढेमागे व्हायची, आणि ती लाल नागमोडी रेघ लगेच सांगायची. काळ्या पाटीने असं कधी सांगितलं नसतं. मामाला मात्र हे त्यांनी कळू दिलं नाही. आजारी होत्या, शरण आल्या नव्हत्या.

चौथ्या महिन्यात साहेबांचा फोन आला. साहेब माणूस वाईट नव्हता. दवाखान्यात तीनदा येऊन गेला होता. फोन नवऱ्याने घेतला आणि ताईंना ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

“डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळालं,” साहेब म्हणाले. “ताई आल्या तर मला आनंदच आहे. पण औषधांचा मामला आहे, हो. एखाद्या ओळीत गफलत झाली तर कुणाच्या जिवावर बेतायचं. मला वरच्यांना उत्तर द्यावं लागेल. गुरुवारी अकराला या, एक छोटी दुरुस्ती करून दाखवा. जमलं तर सोमवारपासून तुमचं काम तुमच्याकडे. नाहीतर…” इथे साहेब थोडे घुटमळले. “नाहीतर आपल्याकडे तपासणीचं टेबल आहेच. पडदे बघायचे, खुणा करायच्या. ताण नाही.”

तपासणीचं टेबल ताईंना माहीत होतं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामचे पडदे उघडून दिवसभर बरोबर-चूक अशा खुणा करायच्या. काम वाईट नाही, करणारी माणसंही चांगली. पण ज्या बाईने त्या प्रोग्रामचा गाभा लिहिला, तिला त्याच्या दाराशी बसवायचं म्हणजे काय, हे नवऱ्यालाही कळलं. फोन ठेवल्यावर तो एवढंच म्हणाला, “करशील तू.” ताईंना ‘हो’ म्हणायचं होतं. तेवढ्यासाठीही त्यांना थांबावं लागलं.

गुरुवारी अकराला बैठकीच्या खोलीत तिघेच होते. लांब टेबल, पाण्याचे पेले, भिंतीवर मोठा पडदा, म्हणजे लॅपटॉपवर जे चालेल ते सगळ्यांना मोठं दिसावं. साहेब टोकाला. मामा भिंतीशी, कारण लॅपटॉपची मांडामांड त्याने केली होती. नवा कोरा लॅपटॉप, सगळं लखलखीत. साहेबांनी एक छापील कागद ताईंपुढे सरकवला.

दुरुस्ती अशी होती. औषधाच्या खोक्यावर बाद होण्याचा नुसता महिना छापलेला असतो, तारीख नसते. म्हणजे त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. प्रोग्राम मात्र पहिला दिवस धरत होता आणि चांगली औषधं महिनाभर आधीच फेकायला लावत होता. फाइलमध्ये सात जागी ‘पहिला दिवस’ काढणारा शब्द होता, तिथे ‘शेवटचा दिवस’ काढणारा शब्द घालायचा. साहेबांनी यात एक खोच ठेवली होती आणि ती कुणाला सांगितली नव्हती. सातातली चौथी जागा औषध बाद होण्याच्या महिन्याची नव्हतीच, ते तयार झाल्याच्या महिन्याची होती. तिथे पहिला दिवसच बरोबर. घाईचा माणूस सातही जागा बदलून मोकळा होतो.

ताईंनी फाइल उघडली. हात मांडीवर ठेवले आणि वाचायला लागल्या. पाच मिनिटं झाली, आठ झाली. साहेबांनी पेल्यातलं पाणी प्यायलं, मग मामाकडे बघितलं. मामाने नजर चुकवली. वाचून झाल्यावर ताईंनी हात वर घेतले, मान खाली घातली, डोळे उजव्या हाताच्या ढिल्या बोटांवर ठेवले आणि सुरुवात केली. आवाज पूर्वीसारखा गारांचा नव्हता, पण एकसारखा होता. कुठे अडखळल्या नाहीत. शेवटचं बटण दाबून त्यांनी समाधानाने मान वर केली.

भिंतीवरच्या पडद्यावर फाइलच्या अगदी सुरुवातीला कचरा पडला होता. एक तिरकी रेघ, तिला लागून एक शब्द. खालच्या ओळीत दोन सुटी अक्षरं, त्यांना चिकटून आणखी एक शब्द, मग एन, ठिपका, एन, ठिपका, एन, एन, ठिपका, अशी काहीतरी रांग. सातही जागा जशाच्या तशा. बदललं काहीच नव्हतं. आणि या कचऱ्याखाली लाल नागमोडी रेघांचं रान माजलं होतं.

कोऱ्या लॅपटॉपवर प्लगइन नव्हतं. मामा घालायचा विसरला होता. ताईंचे हुकूम हुकूम न राहता नुसती अक्षरं म्हणून उमटले होते. ताईंना हे एका क्षणात कळलं. सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि वाक्य आलंच नाही. “हे… ते… घातलं…” त्यांनी मामाकडे हात केला. “खिडकी,” त्या म्हणाल्या. हे नव्हतं म्हणायचं. “खिडकी… नाही… किल्ली…” कपाळावर घाम आला. जितकी घाई केली तितका शब्द लांब गेला. शेवटी त्यांनी दोन्ही हात पुन्हा मांडीवर ठेवले.

साहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, हेच तर जास्त लागणारं होतं. “असू दे, ताई,” ते हळू आवाजात म्हणाले. “असू दे. एवढ्यात घाईच झाली माझी. आपण सध्या तपासणीच्या…”

“एक मिनिट, साहेब,” मामा म्हणाला.

तो भिंतीपासून पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. “चूक माझी आहे. यावर प्लगइन घालायचं राहिलं. ताईंच्या घरच्या मशीनवर आहे, इथे नाही. ही अक्षरं म्हणजे त्यांच्या जुन्या एडिटरचे हुकूम आहेत.”

“असतील,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात समजूत होती, विश्वास नव्हता. “पण ते बरोबर आहेत कशावरून? मला तर नुसता गोंधळ दिसतोय.”

“मग बघूच या ना. जुना एडिटर जवळपास प्रत्येक मशीनवर पडलेला असतोच. मूळ फाइल त्यात उघडतो आणि जी अक्षरं उमटलीत तीच एकेक करून दाबतो. माझ्या मनाचं काही घालणार नाही. तुम्ही पडद्यावर बघत राहा.”

मामाने कचरा जसाच्या तसा कागदावर उतरवून घेतला. मग ताईंच्या शेजारी खुर्ची ओढली आणि काळी पाटी उघडली. सुरुवातीलाच त्याचं बोट भलतीकडे पडून एक चुकीचं अक्षर उमटलं, त्याने चटकन ते मिटवलं आणि फाइलच्या डोक्याशी आला. ताई बघत होत्या, पण त्यांचं लक्ष कागदावर होतं. तिरकी रेघ, शब्द. फाइलमध्ये पहिली जागा सापडली. साहेब थोडे पुढे झुकले. दोन सुटी अक्षरं. जुना शब्द गेला. नवा शब्द टाइप केला. तो जागेवर बसला.

“आता एन,” मामा म्हणाला, आणि एन दाबला.

एन त्या नव्या शब्दाला शेपटीसारखा चिकटला. पुढची जागा सापडली नाही, काहीच झालं नाही. मामाने कागद बघितला, पडदा बघितला. ठिपका दाबला. ठिपकाही चिकटला.

“अं… इथे काहीतरी अडलं,” तो म्हणाला आणि दोन्ही हात वर घेऊन बसला. “कागदावर तर एवढंच आहे. मला नाही कळत आता पुढे.”

साहेबांनी चष्मा काढला. आता ते पुन्हा तपासणीच्या टेबलाबद्दल बोलणार, हे दिसत होतं.

ताईंचा डावा हात उठला. त्यांनी मामाचं मनगट बाजूला सारलं. आधी ती दोन चिकटलेली अक्षरं पुसली आणि मग कीबोर्डच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं. हे बटण पडद्यावर काही उमटवत नाही, म्हणून कचऱ्यात त्याची खूणच नव्हती. लिहिणं संपलं, आता हुकूम. ताईंनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि या वेळी मान वर ठेवली. ढिली बोटं चुकली तर चुकली. कागदाकडे बघायचं कारणच नव्हतं.

एन. दुसरी जागा. ठिपक्याला वेळ लागला, ते बोट उठेना, दुसऱ्या हाताने आधार द्यावा लागला. दाबला. शब्द बदलला. एन. तिसरी जागा. ठिपका. बदलला. एन. चौथी जागा. साहेब आता उभे राहिले होते. ताईंनी ठिपका दाबला नाही. पुन्हा एन. पाचवी जागा. ठिपका.

साहेब पुन्हा खाली बसले. त्यांनी कागदावरची ती रांग वाचली. एन, ठिपका, एन, ठिपका, एन, एन, ठिपका. कचऱ्यातही चौथी जागा सोडलेली होती. पडद्याकडे न बघता, पहिल्याच दमात, चौथी सोडलेली होती.

सहावी, सातवी. ताईंनी फाइल जपून ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

“दहातले नऊ जण तिथे फसले असते,” साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. “ताई, माफ करा मला. मी… बरं, सोमवारी या. तुमच्या जागेवर. आणि एडिटर तुम्हाला हवा तो वापरा, ठरावाचं काय ते मी बघतो.”

ताई थांबल्या. शब्द शोधत होत्या, आणि या वेळी कुणी घाई केली नाही. “नवा,” त्या म्हणाल्या. मामाने चमकून बघितलं. “लाल… रेघ… लागते.” मग लॅपटॉपवर बोट आपटत, “पण… ते… घालून.”

“प्लगइन घालून,” साहेबांनी वाक्य पुरं केलं आणि लगेच जीभ चावली. ताई हसल्या.

बाहेर जिन्यापाशी नवरा वाट बघत होता. मामा ताईंची पिशवी घेऊन बरोबर आला. मांडामांडीत केवढी चूक झाली, आपण किती गाढव, सोमवारी सगळं आधी तपासून ठेवीन, असं तो सारखं बोलत होता. ताई ऐकत नव्हत्या. त्यांचं डोकं मघाच्या खुर्चीत परत गेलं होतं, जसं ते प्रोग्राम लिहून झाल्यावर पुन्हा एकदा वरून खाली वाचायला जायचं. सुरुवातीला मामाचं बोट भलतीकडे पडलं होतं. चुकीचं अक्षर उमटलं होतं. आणि त्याने ते मिटवलं होतं, चटकन, न अडता, न बघता. अक्षर उमटलं म्हणजे तो लिहिण्यात अडकला होता; तिथून हुकुमांवर यायला तो कुठे गेला होता? डाव्या कोपऱ्यात. त्याच बटणावर. ज्याला ते बटण माहीत नाही त्याला त्या एडिटरात फाइलच्या डोक्याशी येताच येणार नाही.

म्हणजे ‘कळत नाही’ म्हणून हात वर घेऊन बसला तेव्हा या माणसाला सगळं कळत होतं. त्याने स्वतः दाबलं असतं तर काम झालं असतं, आणि साहेब म्हणाले असते, वा मामा. तो मुद्दाम थांबला होता. ते बटण ताईंनी दाबावं म्हणून.

ताई जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थबकल्या, वळल्या आणि मामाच्या डोळ्यांत बघितलं.

“लबाड कुठला!” त्या म्हणाल्या.

शोधलं नाही, थांबल्या नाहीत, भलतंच आलं नाही. दोन शब्द, ठणठणीत, जुन्या आवाजात. चार महिन्यांत पहिल्यांदा. नवऱ्याने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

मामाने पिशवी खाली ठेवली. “तुमच्या जागेवर बसून शिकलो,” तो म्हणाला. “तुमचं काम माझ्याकडे आलं होतं ना. पहिल्या दिवशी बाहेरच पडता येईना त्यातून, मशीन बंद करून घरी गेलो. अकरा वर्षं उगाच भांडलो, ताई. तुम्ही परत येणार नाही असं वाटलं, तेव्हा कळलं.” त्याने पिशवी पुन्हा उचलली. “पुन्हा म्हणा ना.”

ताईंनी पुन्हा म्हटलं.